पुसायची ओळ

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसल्या बसल्या, मी ठरवलं की व्यासपीठावरच्या त्या माणसाला सोडायचं नाही.

तोवर मी आयुष्यात असं काही ठरवलं नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत तर उत्तर येत असूनही मी हात वर करायची नाही. हजेरीला ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायचे, की बाईंनी दोनदा माझी गैरहजेरी लावली होती. पण ते गेल्या वर्षी.

तो माणूस एक हात खिशात घालून उभा होता आणि दुसऱ्या हातातला माईक आइस्क्रीमसारखा तोंडाशी धरून बोलत होता. आमच्या शाळेतले सगळे संगणक ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात ती बनवणाऱ्या कंपनीतला हा मोठा साहेब. त्याच्या हाताखालचे लोक त्याला पाठीमागे वेगराव म्हणतात, कारण त्याला दुसरं काही दिसतच नाही. ‘आमचं मशीन इतक्या वेगात उघडतं, तितक्या वेगात बंद होतं,’ हेच त्याचं तुणतुणं. तो आला होता सारवासारव करायला. पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी याच सिस्टिममधल्या भोकातून एका शिक्षिकेचा पासवर्ड काढला होता आणि आमची अख्खी सहामाही फुटली होती. सातही पेपर. आता सातही पेपर आम्हाला पुन्हा द्यायचे होते, त्यामुळे सभागृहातल्या साडेचारशे पोरी कुणाचा तरी गळा शोधत होत्या.

वेगरावने तो दाखवून दिला.

“चूक मशीनची नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे एक नवखी मुलगी होती. हुशार हो, पण धांदरट! तिच्या हातून एक ओळ राहून गेली. एकच ओळ. भाजीत मीठ विसरावं तशी.” इथे तो थांबला आणि सभागृह हसलं. “तिला आम्ही घरी पाठवलंय. आता तुम्ही निर्धास्त राहा.”

“कोण आहे गं ती भवानी?” माझ्या शेजारची कुजबुजली. “सापडू दे, भूगोलाचा पेपर तिच्याकडूनच लिहून घेते.”

तिला ज्या घरी पाठवलं होतं ते घर आमचं होतं. ती भवानी माझी ताई.

घरी गेले तेव्हा ताई ओट्याशी उभी राहून मटार सोलत होती. आठ दिवसांत तिने घरातलं सोलण्यासारखं सगळं सोलून ठेवलं होतं. टेबलावर कंपनीने पाठवलेला कागद होता आणि तो उडू नये म्हणून आईने त्यावर मीठदाणी ठेवली होती. मीठदाणी बघून माझं डोकं आणखीच फिरलं.

कागदावर लिहिलं होतं, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे हा दोष निर्माण झाला.’ खाली सहीची जागा. शनिवारी दुपारी बारापर्यंत सही करून पाठवली तर कंपनी विषय संपवणार, नाही तर रीतसर तक्रार करणार. आणि सही केली तर हा कागद जन्मभर ताईच्या नावापुढे चालणार. जिथे अर्ज करेल तिथे तिच्या आधी तो पोचणार.

“सही कर आणि मोकळी हो,” आई म्हणाली. ती दवाखान्यात परिचारिका आहे, दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होती. “तुझं वय काय, तू दुसरं काहीही शिकशील. त्यांच्याशी भांडायला आपल्याकडे आहे काय?”

“तू सही केलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही,” मी ताईला म्हणाले.

“म्हणजे एका सहीत दोन फायदे,” ताई म्हणाली आणि एक मटार तोंडात टाकला. पण तिचे डोळे लाल होते.

“तू ती ओळ खरंच विसरलीस?”

“टाचणे,” (ती मला टाचणी म्हणते, मी लहानपणी एक गिळली होती म्हणून) “ती ओळ मी यायच्या आधीपासूनच नव्हती.”

मग तिने माझ्या गणिताच्या वहीचा चौकोनी कागद फाडला आणि मला समजावलं. मी जसं समजले तसं सांगते. संगणक प्रत्येक फाइलचं नाव चार-चार खान्यांच्या पट्टीवर लिहितो. नावात पाच इंग्रजी अक्षरं असली तर पाच खान्यांना पट्टी पुरत नाही, म्हणून आठ खान्यांची घेतो. पाच भरले, तीन उरले.

“उरलेल्या तीनमध्ये काय असतं?” ताईने विचारलं.

“काही नाही.”

“सगळ्यांना असंच वाटतं. पट्टी कोरी कुठे असते? मशीनने ती आधी दुसऱ्या कशासाठी तरी वापरून बाजूला टाकलेली असते. तुमचा वर्गातला फळा आठव. आधीच्या तासाचं न पुसता त्यावर नवीन लिहिलं तर?”

“कडेला इतिहास दिसत राहतो.”

“तसंच. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते, लिहिण्याआधी पट्टी पुसायची. ती ओळ काढली की कामाला वेळ जरा कमी लागतो. आणि प्रत्येक नावामागच्या फटीत आधीचं काहीतरी तसंच राहतं. कधी कुणाच्या पत्रातलं, कधी कुणाच्या पासवर्डातलं. एका फटीत फार तर तीन खाने. पण मी लहान-मोठ्या नावांच्या हजार रिकाम्या फाइली बनवल्या तर?”

“हजार फटी,” मी म्हणाले. अशाच फटी कुणीतरी वेचल्या होत्या आणि शिक्षिकेचा पासवर्ड जोडला होता.

सगळ्यात संतापाची गोष्ट पुढेच आहे. हे भोक ताईनेच गेल्या वर्षी शोधलं होतं. ती वेगरावकडे गेली तर तो म्हणाला, “तीन खाने? तीन खान्यांत काय मावतं? शिंकसुद्धा मावत नाही.” आणि पेपर फुटल्यावर त्याने काय केलं, तर कंपनीचं दफ्तर उघडून दाखवलं. त्यांच्या दफ्तरात प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीपुढे ती आणणाऱ्याचं नाव असतं. नसलेल्या ओळीपुढे नाव कसं असणार? पण तिच्या वरच्या ओळीपुढे ताईचं नाव होतं आणि खालच्या ओळीपुढेही ताईचंच. असणारच! कामाला लागल्यावर ताईला पहिलंच काम मिळालं ते जुनं दफ्तर नव्यात हलवायचं. नऊ दिवस तिने तेच केलं. नव्या दफ्तरात ज्याने आणून ठेवलं त्याचं नाव लागतं, त्यामुळे दुसऱ्यांनी आधी लिहिलेल्या लाखभर ओळी नऊ दिवसांत ताईच्या नावावर झाल्या. आणि जुनं दफ्तर जागा खातं म्हणून साहेबांनी लगेच मोडीत काढायला लावलं.

“मग तू यायच्या आधीचं काहीच उरलं नाही?”

“कंपनीत नाही. ग्राहकांकडे त्या वेळच्या डिस्क होत्या, पण त्या सगळ्या परत मागवल्यात. आल्याही असतील.” तिने उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या.

मंगळवारी मी मधल्या सुट्टीत डबा न खाता संगणक कक्षात गेले. तिथे लॅबमावशी असतात. एकोणीस वर्षं त्या कक्षाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत. कपाटात काय आहे ते मुख्याध्यापिका बाईंना माहीत नसेल, मावशींना झोपेत माहीत असतं.

“मावशी, कंपनीच्या जुन्या डिस्क परत पाठवल्या का हो?”

“तुला कशाला चौकशा? पेपर फोडणाऱ्यांतली आहेस का तू?”

“मावशी!”

“पाठवल्या नाहीत,” मावशी म्हणाल्या. “पत्र आलंय, तातडीने पाठवा म्हणून. मी म्हटलं, पत्र पाठवलं, पोचपावतीचा कागद पाठवलात का? नाही ना? मग बसा वाट बघत. मी या कपाटातला खडूचा तुकडापण पोच घेतल्याशिवाय हलवत नाही, मग मागणारा कुणी का असेना.”

मला त्या क्षणी मावशींची पापी घ्यावीशी वाटली. घेतलीच.

“अगं ए! वेडी झालीस का?” मावशी गाल पुसत म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ताई कोण, कागद काय, शनिवार म्हणजे काय. त्यांनी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि त्यातून एक डिस्क काढली. मग आवक रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबल्या. तारीख, वस्तू, नग एक, आणून देणाऱ्याची सही.

आमची शाळा कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक होती. त्यामुळे पहिली डिस्क वेगरावसाहेब स्वतः घेऊन आले होते आणि मावशींनी त्यांनाही सोडलं नव्हतं. सही त्यांचीच होती, खाली दोन रेघा मारलेली. आणि तारीख ताई कामाला लागायच्या सात महिने आधीची. त्या महिन्यात ताई कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिला कांजिण्या आल्या होत्या. तिने कंपनीचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं.

“न्यायची तर जावकमध्ये सही कर,” मावशी म्हणाल्या. “शुक्रवारी परत. ओरखडा आला तर तुझी ताई राहू दे, तुलाच घरी पाठवीन.”

ताईने डिस्क हातात घेतली आणि इतक्या वेळा उलटसुलट करून बघितली, की मला वाटलं चुकीची आणली. मग तिने ती मशीनमध्ये घातली आणि नावांच्या पट्ट्या उघडल्या.

“फटी भरलेल्या आहेत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे ही डिस्क बनली तेव्हाच पुसायची ओळ गेलेली होती.”

मी स्वयंपाकघरभर नाचले. ताई नाचली नाही. “ते म्हणतील, डिस्क तुम्हीच नंतर बदलली. किंवा ओळ कुणी काढली ते कशावरून? आपण फक्त एवढं दाखवू शकतो, की मी नव्हते.”

“मग फटींत काय आहे ते बघू ना! ज्या मशीनवर ही डिस्क बनली, त्याच मशीनचं आधीचं काहीतरी असणार ना त्यात?”

ताईने माझ्याकडे वळून बघितलं. तसं तिने माझ्याकडे याआधी कधीच बघितलं नव्हतं. खरं सांगते, त्या नजरेसाठी मी आणखी सात पेपर दिले असते.

बुधवार आणि गुरुवार शाळेतून आल्यावर आम्ही फक्त तेच केलं. डिस्कवर चार हजार नावं होती. नाव जेवढं लांब तेवढी फट पुढे सरकते, म्हणून ताईने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्या फटी त्यांच्या त्यांच्या जागेनुसार शेजारी मांडायचा. मांडणी वाचायचं काम माझं. ते वाटतं तितकं सरळ नव्हतं. मशीनमध्ये एका मराठी अक्षराला तीन खाने लागतात आणि काना-मात्रेला वेगळे तीन. शिवाय दर चौथा खाना कायम नावाखाली झाकलेला, तो कुठल्याच फटीत दिसत नाही. त्यामुळे काही अक्षरं पुरी, काही अर्धी, आणि काहींचा नुसता वेलांटीचा शेंडा. मी शब्दकोडं सोडवायला बसल्यासारखी पेन्सिल चावत बसले होते. वेलांटीचा अंदाज दोनदा चुकला आणि एक वाक्य असं निघालं की ताईने पाणी नाकातून बाहेर काढलं. ते इथे लिहिता येणार नाही.

गुरुवारी आईला सुट्टी होती; संध्याकाळी तिने कुकर लावला तेव्हा माझ्या कागदावर पहिलं नाव उभं राहिलं होतं. पहिली डिस्क आपण स्वतःच्या मशीनवर बनवली, असं वेगराव कंपनीत मिरवायचा; म्हणजे ही त्याचीच एक फाइल होती.

‘माझी_कामगिरी_पुसायची_ओळ_काढून_वेग_बारा_टक्के_वाढवला’

ताईने ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून हसायलाच लागली. त्यांच्या कंपनीत वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला आपली कामगिरी लिहून द्यावी लागते, मग बढती ठरते. “हा माणूस फाइलींना नावं देत नाही गं, मथळे देतो,” ती म्हणाली. “त्याच कामगिरीवर तो साहेब झाला.”

आईने चष्मा लावून कागद वाचला. “म्हणजे यानेच केलं, वर मिरवलं, आणि निस्तरायला माझी पोर?” तिने मीठदाणी उचलली, सहीचा कागद काढला आणि तो पालेभाजीच्या देठांबरोबर कचऱ्यात टाकला. आई कमी बोलते.

दुसरं नाव मी रेटत रेटत पुरं केलं. ‘तिच्यासाठी_कविता_न_पाठवलेली_४१’. मी ओरडलेच. “ताई! वेगराव कवी आहे! एक्केचाळीस!”

ताईने त्यावर तळहात ठेवला. “हे नाही.”

“का?”

“कारण त्याचा आपल्याशी संबंध नाही. उद्या डिस्क, रजिस्टर आणि पहिलं नाव मुख्याध्यापिका बाईंना दाखव. त्यांच्या खोलीत, दार लावून. त्या कंपनीला लिहितील. बाकी काही करायचं नाही. कळलं?”

मी हो म्हटलं. आणि शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकात त्याची गाडी दिसेपर्यंत मी ते पाळणारच होते, अगदी मनापासून.

तो नवी, दुरुस्त केलेली सिस्टिम दाखवायला आला होता. आठवीपासून पुढचे सगळे वर्ग, शिक्षक आणि बरेचसे पालक सभागृहात. व्यासपीठावर एक संगणक, मागे मोठा पडदा. मी मागच्या दाराजवळ डिस्क दप्तरात घेऊन उभी होते. मुख्याध्यापिका बाईंची खोली माझ्या उजवीकडे वीस पावलांवर होती. आणि तेवढ्यात तो म्हणाला, “एक नवखी मुलगी. हुशार हो, पण धांदरट! भाजीत मीठ विसरावं तशी...” आणि थांबला. तिथेच, तेवढाच. सभागृह पुन्हा हसलं.

मी हात वर केला.

“बोल बाळ,” वेगराव म्हणाला.

“पुसायची ओळ कुणी काढली?” मी तिथूनच विचारलं. साडेचारशे डोकी वळली. माझा आवाज माईकशिवाय व्यासपीठापर्यंत पोचतो हे मलाही तेव्हाच कळलं.

“काढली नाही बाळ, राहून गेली. तेच तर सांगतोय.”

“मग हिच्यात ती कशी नाही?” मी डिस्क वर धरली आणि चालायला लागले. “ही तुम्ही स्वतःच्या मशीनवर बनवून शाळेला दिलेली पहिली डिस्क. लॅबमावशींच्या रजिस्टरवर तुमची सही आहे, दोन रेघांची. तेव्हा ती धांदरट मुलगी तुमच्याकडे नव्हती. ती घरी कांजिण्या खाजवत होती. मला माहीत आहे, कारण ती माझी बहीण आहे आणि तिच्यामुळे मलाही आल्या.”

कुणीतरी फिसकन हसलं. माझी भूगोलवाली शेजारीण तोंडाचा आ करून बघत होती. मुख्याध्यापिका बाई पहिल्या रांगेतून उभ्या राहिल्या. त्या मला खाली बसवणार असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “रजिस्टर कुठे आहे?”

“हे काय,” लॅबमावशी दारातून म्हणाल्या. त्यांना कुणी बोलावलं कोण जाणे. बहुतेक शुक्रवार होता म्हणून डिस्क वसूल करायला आल्या असाव्यात.

बाईंनी सही बघितली, तारीख बघितली, आणि मला संगणकाकडे हात केला. मी डिस्क घातली आणि पेनड्राइव्हवरून ताईचा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर चार हजार नावं आणि त्यांच्यामागच्या चार हजार मळक्या फटी आल्या.

“हा पोरखेळ आहे,” वेगराव म्हणाला. हात खिशातून बाहेर आला होता. “अहो बाई, तीन-तीन खान्यांचे तुकडे! यातून काहीही जुळवता येईल. निम्मी अक्षरं हिने अंदाजाने भरली असतील.”

“भरली आहेत,” मी म्हणाले. “दर चौथा खाना झाकलेला असतो. मी रिकामाच ठेवते. तुम्हीच वाचा.”

आणि मी तुकडे जागेवर लावले. पडद्यावर आलं, ‘मा-ी का-गि-ी’ आणि मध्ये भोकं. मग ‘पु-ा-ची ओ- का-ून’. बाकीचं सभागृहानेच वाचलं. आठवीच्या पोरी तर मोठ्याने, एका सुरात, पाढे म्हटल्यासारख्या. ‘वेग बारा टक्के’ येईपर्यंत आवाज छतापर्यंत गेला होता.

वेगरावच्या हातातला माईक अजून तोंडाजवळच होता आणि त्यातून त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

इथे मी थांबायला हवं होतं. ताईचं काम झालं होतं. बाई रजिस्टर छातीशी धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की कंपनीला पत्र आजच जाणार. पण मला तेवढं पुरेना. त्याने दोनदा माझ्या ताईवर सभागृह हसवलं होतं. दोनदा. मला ते हसू त्याच्याकडे वळवायचं होतं. मी पुढच्या फटी लावल्या आणि या वेळी भोकं ठेवली नाहीत, ती भरून मोठ्याने वाचलं. “तिच्यासाठी कविता, न पाठवलेली, एक्केचाळीस.”

काय हसले सगळे! पालक हसले, शिक्षक रुमालात हसले. कुणीतरी मागून ओरडलं, “सर, एक म्हणा की!” वेगराव व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला. एक पायरी चुकला. माईक तसाच हातात घेऊन तो दारापर्यंत गेला, मग परत आला आणि माईक टेबलावर ठेवून गेला. तो परत आला त्याचं मला अजून कसंतरी होतं.

मला तीन दिवस शाळेतून काढलं. परवानगीशिवाय दुसऱ्याचं खासगी वाचल्याबद्दल. बाईंनी पत्र माझ्या हातात दिलं आणि त्याच हाताने माझा खांदा जोरात दाबला. कंपनीचं पत्र शनिवारी सकाळीच घरी आलं, ताईवरचा आरोप मागे घेतल्याचं. आईने ते चार वेळा वाचलं आणि शेजारी दाखवायला घेऊन गेली.

ताईने मला मिठी मारली आणि मग दोन दिवस तिरकं बोलली.

“पहिलं वाचलंस ते माझ्यासाठी,” ती म्हणाली. “दुसरं कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“बरं वाटलं?”

“खूप,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? मग म्हणाले, “आता जरा कमी वाटतंय.”

“पेपर फोडणाऱ्यात आणि आपल्यात एवढाच फरक होता, की आपण त्या फटीत हात घालू शकत होतो आणि घालत नव्हतो.”

“तो फरक मी शुक्रवारी अकराला मिटवला.”

“हो ना.” तिला हसू आलं, पण तिने ते लपवलं. “पुन्हा करशील तर कान उपटीन.”

सोमवारी दुपारी फोन आला तेव्हा मी घरीच होते, शिक्षा भोगत आणि टरबूज खात. कंपनीतल्या, वेगरावच्याही वरच्या बाई होत्या. ताईने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बाई म्हणाल्या, झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं, तुम्ही परत या, आणि कृपा करून ती ओळ आजच घाला, कारण ‘दुरुस्त’ सिस्टिममध्येही ती नाहीये. गिऱ्हाइकांचे सारखे फोन येताहेत.

दुरुस्त सिस्टिममध्येही नाही! मी टरबुजाची बी गिळली.

“परत यायचं मी ठरवून सांगते,” ताई म्हणाली. तिचा आवाज मी इतका गार कधी ऐकला नव्हता. “ओळ आज बसेल. पण ती मी घालणार नाही. साहेबांना फोनवर घ्या. मी सांगते, ते टाइप करतील.”

फोन हातोहात गेल्याची खरखर. मग घसा साफ केल्याचा आवाज. तोच तो, पण माईकशिवाय अगदीच लहान.

“बोला,” वेगराव म्हणाला. “ती ओळ मलाही येते.”

“येते ना? मग अडचण नाही. फाइल उघडा. नावाची पट्टी घेतो ती जागा. आता तिच्या खाली.”

ताईने ओळ सांगितली. एकेक चिन्ह. कंस, स्वल्पविराम, शून्य, पट्टीची लांबी. प्रत्येक चिन्हानंतर ती थांबायची आणि म्हणायची, “वाचा.” आणि तो वाचायचा. एकदा त्याने पट्टीच्या लांबीऐवजी नावाची लांबी लिहिली, म्हणजे फट तशीच राहिली असती. ताई म्हणाली, “पुसा. पुन्हा.” त्याने पुसलं. मी टेबलाखाली दोन्ही मुठी आवळून बसले होते.

“झालं,” तो म्हणाला. “आता मी हे आमच्या इथल्या नव्या मुलाच्या खात्यावरून दफ्तरात...”

“नाही.”

“नेहमी असंच चढवतो आम्ही.”

“माहीत आहे कसं चढवता ते. स्वतःच्या खात्यात जा. ओळीपुढे नाव यायला हवं.”

“कुणाचं?” त्याने विचारलं. मला वाटतं त्याला खरंच समजलं नव्हतं.

“ज्याने काढली त्याचं,” ताई म्हणाली.

पलीकडे एक कळ वाजली, मग दुसरी. ताई फोनवर वाकून, त्याच्या नावाची एकेक कळ मोजत, ऐकत राहिली.